शुभांगीची लेन

निफाडचा पारा उतरल्याची बातमी पेपरात आली की नाशिककर कपाटातले स्वेटर काढतात. मीही काढते. पण स्वेटरबरोबर माझं आणखी काहीतरी बाहेर येतं आणि ते मी कुणाला दाखवत नाही. थंडी पडली की मला शुभांगीचा मत्सर वाटू लागतो. उन्हाळ्यात वाटत नाही, पावसात तर तिची आठवणही होत नाही. पण सकाळी हँडलला हात लावल्यावर बोटं आखडली, कुणीतरी पेटवलेल्या पाल्याचा धूर नाकात शिरला, नदीकडच्या बाजूला धुकं जमिनीला धरून बसलेलं दिसलं, की आतून कळ येते. जुन्या दुखण्याची येते तशी. त्या एका हिवाळ्याला आता काही वर्षं झाली, तरी कळ शिळी होत नाही.

मी शाळेत भूगोल शिकवते आणि सायकलवर शाळेत जाते. कॉलेजात असताना वडिलांनी घेऊन दिलेल्या सायकलीपासून ही सवय आहे. मधे सायकली बदलल्या, सवय तीच राहिली. आधी लोक कौतुकाने बघायचे, मग जरा कीव करून बघू लागले आणि अलीकडे "फिटनेससाठी का?" असं विचारतात. फिटनेससाठी नाही हो, शाळेत जायला. एवढं साधं उत्तर कुणाला पटत नाही. माझा नवरा आनंद दर दिवाळीत स्कूटीचा विषय काढतो, मी दर दिवाळीत त्याला चकली खायला देते.

शुभांगी आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. बँकेत अधिकारी. माहेर लासलगावचं, वडिलांची कांद्याची आडत. लिलावाच्या गलक्यात हाका मारून मारून त्या घराण्याचे आवाजच तसे झाले असावेत. ती जिन्यात बोलली की तळमजल्यावरच्या जोशीकाकूंना सगळं कळायचं. शहरात इतकी वर्षं काढूनही तिच्या बोलण्यातलं 'लय' आणि 'नाय' गेलं नव्हतं, आणि ते घालवावं असं तिला कधी वाटलंही नव्हतं. मी मात्र लग्न होऊन आले तेव्हा सिन्नरकडचे माझे शब्द पहिल्याच वर्षी मुकाट्याने आवरून ठेवले होते. मत्सराची पहिली काडी बहुतेक तिथेच पडली असणार.

त्या वर्षी थंडी लवकर आली. एका रविवारी शुभांगी दारात उभी. डोक्याला मफलर, अंगावर मुलाचं जॅकेट.

"मेधा, मला सायकल शिकव."

"आता? या वयात?"

"मग काय पुढल्या जन्मी? डॉक्टर म्हणतो चाला. चालायचा मला लय कंटाळा. तू रोज जाती ना ऐटीत, मी गॅलरीतून बघते."

ऐटीत. हा शब्द माझ्या बाबतीत कुणी वापरल्याचं मला आठवत नव्हतं. मी खूश झाले आणि हो म्हणाले.

कॉलनीच्या मैदानावर सकाळी दव असायचं. गवताची पाती पांढुरकी दिसायची आणि सायकलचं चाक गेलं की मागे हिरवी रेघ उमटायची. मी सीट धरून मागे पळायचे. शुभांगी ओरडायची, "सोडू नको, सोडू नको," आणि तिच्या ओरडण्याने शेकोटीभोवतीचे वॉचमन, फेऱ्या मारणारे पेन्शनर, बॅडमिंटनवाली पोरं, सगळी बघायला थांबायची. ती दोनदा मेंदीच्या कुंपणात गेली. दोन्ही वेळा कुंपणातूनच हसली. आणि मग एका सकाळी मी सीट सोडली, तिला कळलं नाही, आणि ती गेली. लांब, सरळ, मैदानाच्या टोकापर्यंत. सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या.

मी धापा टाकत उभी होते. तोंडातून वाफ येत होती. मी टाळ्या वाजवल्या का, ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की इतक्या वर्षांच्या माझ्या सायकलिंगला कुणी टाळी वाजवली नव्हती, हा हिशोब माझ्या मनाने तिथल्या तिथे करून टाकला.

आमच्या शाळेचा रस्ता फार लांब नाही. नाक्यावरून आत वळलं की औषधाचं दुकान, दोन क्लासेस, एक मंगल कार्यालय, एक बुजलेल्या नाल्याचं वळण, मग शाळा. पूर्वी तिथून मुली घोळक्याने सायकली हाणत यायच्या. शाळा सुटली की घंट्यांचा एकच किणकिणाट व्हायचा. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या राहू लागल्या, मधून टेम्पो आणि बस जाऊ लागल्या, आणि मुलींना उरली ती उभ्या गाड्या आणि पळत्या गाड्यांमधली वीतभर जागा.

त्या डिसेंबरात त्याच वीतभर जागेत आठवीतल्या सायलीसमोर एका उभ्या गाडीचं दार उघडलं. ती दारावर आपटली आणि रस्त्यावर पडली. मागून येणाऱ्या टेम्पोने कसा ब्रेक मारला, ते त्यालाच माहीत. खांद्याचं हाड मोडण्यावर निभावलं. मी दवाखान्यात गेले तर ती रडत नव्हती. "मॅडम, बाबा सायकल विकणार म्हणतात," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. वडील बाहेर बाकावर बसले होते. "रिक्षा लावतो आता," ते म्हणाले. "मला झोप लागायची नाही नाहीतर."

सायलीच्या मागोमाग इतर घरांतूनही रिक्षा लागल्या. शाळेचा सायकल स्टँड रिकामा होत गेला. रिक्षा ठरल्या वेळी येते आणि ठरल्या वेळी नेते. त्यामुळे शाळेनंतर थांबून खो-खो खेळणाऱ्या मुली गेल्या, वाचनालयात रेंगाळणाऱ्या गेल्या, मैत्रिणीच्या घरावरून वळसा घालून जाणाऱ्या गेल्या. एक सायकल गेली की मुलीचा केवढा मोठा मुलूख जातो, हे नकाशे शिकवणाऱ्या मला त्या रिकाम्या स्टँडवर उभं राहून कळलं.

या रस्त्याला सायकलची लेन हवी, असे अर्ज मी वर्षानुवर्षं करत होते. नम्र भाषेत, मुद्देसूद. पोच मिळायची. अशाच एका संध्याकाळी मी शुभांगीच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हेच चिडून सांगत होते. ती मेथी निवडत होती.

"लेन म्हणजे तरी काय गं शेवटी?" मी म्हणाले. "मुलींच्या बाजूला कुणीतरी उभं असणं. रंग नाही तर नाही. आपण बायका उभ्या राहिलो तरी ती लेनच."

शुभांगीच्या हातातली मेथीची काडी थांबली. "परत बोल."

मी परत बोलले. ती उठली, हात धुतले आणि फोन उचलला. भाजी राहिली तशीच. त्या दिवशी ती किती जणींशी बोलली कोण जाणे. सोमवारी सकाळी मी सायकल घेऊन नाक्यावर पोचले तर तिथे बायकाच बायका होत्या. स्वेटर, शाली, कानटोप्या, कुणाच्या सायकलला भाजीची पिशवी, कुणी मुलाची छोटी सायकल आणलेली, गुडघे हँडलला लागतायत. ज्यांना चालवता येत नव्हती त्या सायकल हातात धरून उभ्या होत्या. नाक्यापासून शाळेपर्यंत, गाड्या लागायच्या आधीच, रस्त्याच्या कडेपासून थोडं आत, एकीमागे एक. कडेला जी पट्टी राहिली, तिच्यातून मुली यायच्या.

मंगल कार्यालयाच्या पायरीवर उभी राहून शुभांगी म्हणाली, "बायांनो, लेन म्हणजे पोरींच्या बाजूला कुणीतरी उभं असणं. आजपासून आपणच लेन!" बायकांनी असा जल्लोष केला की औषधवाला बाहेर आला.

वाक्य माझं होतं. आवाज तिचा होता. माझ्या तोंडून तेच वाक्य आलं असतं तर पहिल्या तीन जणींपलीकडे गेलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळल्याने जळणं कमी होतं असं कुणी सांगितलंय?

पहिल्याच आठवड्यात एक गाडीवाला काच खाली करून ओरडला, "रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?"

"नाय ओ दादा," शुभांगी तिकडून म्हणाली, "माझ्या बापाचा कांद्याचा धंदा. रस्ता तुमचाही हाय आन् पोरींचाही. तुम्ही तिकडून जा, पोरी इकडून जातील. चहा घेणार का? थर्मास आणलाय."

तो माणूस ओशाळून हसला. खरंच हसला. मलाही उत्तर सुचलं होतं, चांगलं नेमकं, पण ते येईपर्यंत गाडी शाळेपाशी पोचली होती.

रोज सकाळी आम्ही उभ्या राहायचो. हिवाळ्याच्या उशिरा उगवणाऱ्या उन्हात सावल्या लांब पडायच्या, सायकलींच्या चाकांच्या सावल्या रस्त्याच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत जायच्या. पाय गारठायचे. कुणीतरी तीळ-गुळाच्या वड्या आणायचं, कुणी भाजलेले शेंगदाणे. मुली हळूहळू परत येऊ लागल्या. आधी एक-दोन, दबकत. मग घोळक्याने. फळवाल्याची हातगाडी आमच्या वाटेत होती. मी त्याला नियम समजावला, तो हो म्हणाला आणि हलला नाही. शुभांगीने त्याच्याकडून किलोभर पेरू घेतले, भाव केला, भांडली, मुलांची चौकशी केली, आणि दुसऱ्या दिवशी गाडी गल्लीच्या तोंडाशी.

मग एक दिवस महापालिकेचा इंजिनियर पाहणीला आला. तरुण, सावध माणूस. "मॅडम, रस्त्याच्या रुंदीत लेन बसत नाही," असं म्हणत होता.

"साहेब, चालवून बघा एकदा," शुभांगी म्हणाली. "बायांनो, आज सरका जरा बाजूला. साहेबांना खरा रस्ता बघू द्या. मेधा, तुझी सायकल दे गं."

माझी. मी दिली. तो माझ्या सायकलवर बसून गेला आणि मी रिकाम्या हातांनी रस्त्यावर उभी राहिले. लग्नात दागिने दुसरीला घालायला दिल्यासारखं वाटत होतं. परत आला तेव्हा एवढ्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता. नाल्याच्या वळणावर बस मागून आली होती.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. शुभांगीला म्हणाला. "एका बाजूचं पार्किंग काढलं तर बसेल."

सायकल मला परत देताना मात्र त्याने "थँक यू" म्हटलं.

संक्रांत उलटून गेली आणि एका सकाळी रस्त्यावर हिरवा पट्टा होता. कडेला गाड्या आत येऊ नयेत म्हणून बुटके खांब, पट्ट्यावर पांढऱ्या रंगात सायकलचं चित्र. रंगाचा वास अजून जात नव्हता. त्या पट्ट्यावरून पहिल्यांदा गेले तेव्हा माझे खांदे आपोआप खाली आले. तोवर मला माहीतच नव्हतं, की मी सगळं आयुष्य खांदे वर ओढून सायकल चालवत होते.

पेपरात फोटो आला. मधोमध शुभांगी, मफलरसकट, हसतेय. उजव्या कडेला एक कोपर आणि अर्धं हँडल. ते माझं. आनंद जेवताना म्हणाला, "भारी आहे हं तुझी मैत्रीण. काय बाई आहे!" मी त्याला आमटी वाढली नाही. त्याने मागितली तेव्हा वाढली. सासूबाईंनी कात्रण काढून ठेवलं, देवघराच्या खणात.

पण हे काहीच नव्हे. सायलीच्या खांद्याचं हाड जुळून आलं, तिचे वडील सायकल विकायचे थांबले, आणि ती पुन्हा शाळेत आली तो दिवस. मी मुद्दाम वेळेआधी फाटकाशी जाऊन उभी राहिले होते. दवाखान्यात मी गेले होते. चुकलेल्या धड्यांच्या शिकवण्या तिच्या घरी जाऊन मी घेतल्या होत्या. ती हिरव्या पट्ट्यावरून आली, वेणी उडवत, एक हात सोडून. तिची नजर माझ्यावरून पुढे गेली.

"शुभांगीकाकू! बघा!"

आणि ती माझ्या पुढून गेली. वाऱ्यासारखी. मुलगी सायकलवर परत आली होती, यासाठीच सगळं केलं होतं, आनंद झाला नाही असं कसं म्हणू? झाला. पण त्या आनंदाच्या पोटात एक बारीक खडा होता आणि तो मला दिवसभर टोचला. नववीच्या वर्गात मी मोसमी वारे शिकवले आणि ते कुठून कुठे वाहतात हे दोनदा चुकवलं.

षड्रिपूंत मत्सराचा नंबर शेवटचा. लहानपणी मला वाटायचं, तो सगळ्यांत किरकोळ असेल म्हणून. आता वाटतं, बाकीचे पाच थकून गेल्यावरही जो जागा राहतो, तो हा. राग बोलून मोकळा होतो. लोभाला निदान काहीतरी हवं असतं. मला शुभांगीचं काय हवं होतं? तिचा आवाज माझ्या गळ्यात शोभला नसता. टाळ्या मिळाल्या असत्या तर मी लाजून घरी पळाले असते. मला ते नको होतं आणि ते तिला मिळावं हेही नको होतं. आणि या बाईने करून दिलेल्या रस्त्यावरून मी रोज, निर्धास्त, खांदे खाली सोडून शाळेत जात होते. ज्याचा हेवा करावा त्याचंच मीठ रोज खावं लागणं, याच्याइतका जाच नाही.

थंडी ओसरत आली तेव्हा एका रविवारी आम्ही दोघीच सायकलींवर गंगापूरच्या दिशेने मिसळ खायला गेलो. मळ्यातलं हॉटेल, चुलीवरचा रस्सा, बाजूला द्राक्षांचे मांडव घडांनी वाकलेले. शुभांगीने पाव मोडला आणि सहज विचारलं, "तू माझ्यावर जळती ना?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हणाले.

"लय?"

"लय." किती वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडून आला.

ती हसली नाही. रागावलीही नाही. रश्श्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "मला वाटलंच. फोटो आला तेव्हापासून तुझं बोलणं सुकलं. मी काय करू सांग. मला बोलल्याशिवाय राहवत नाय."

"तू काही करू नकोस," मी म्हणाले. "तुझं काही चुकलेलं नाही, म्हणून तर जास्त जळते."

"बरं," ती म्हणाली. "जळ. पण उद्या सकाळी ये. पट्ट्यावर गाड्या लावायला लागलेत परत, हाकलायच्यात."

मी गेले.

पुढच्याच वर्षी तिची बदली झाली, कोल्हापूरला. जाताना तिने सायकल नेली. नंतर आलेले हिवाळे मी एकटीने काढले. पट्ट्याचा हिरवा रंग विटला, दोन-तीन खांब मोडले, पण मुली त्यावरून जात राहिल्या. आणि सगळे त्याला म्हणू लागले शुभांगी मॅडमची लेन. भाजीवाली पत्ता सांगायची, "शुभांगी मॅडमच्या लेनीनं सरळ जा." मला सांगायची. मला!

यंदा कुंभाच्या कामांनी अर्धं शहर खणून ठेवलंय. आमचा रस्ताही उखडला. हिरवा पट्टा खडीखाली गेला. नव्या रस्त्याचा आराखडा बघायला लोकांना बोलावलं, तेव्हा मी गेले. भिंतीवर मोठा कागद लावलेला. रुंद रस्ता, दुभाजक, दोन्ही बाजूंना पार्किंग. सायकलला कुठेच जागा नाही. नकाशा वाचणं हा माझा धंदा आहे, तरी मी तो तीनदा वाचला.

खोलीत शिरल्याबरोबर ओळखीच्या एकाने विचारलं, "त्या मॅडम नाही आल्या?" मग दुसऱ्याने. मग खुद्द टेबलामागच्या साहेबांनी. "त्या बोलायच्या ना, त्या मॅडम?"

"त्यांची बदली झाली," मी म्हणाले. "मी बोलणार आहे."

माझा आवाज बारीक आहे. मागून कुणीतरी "ऐकू येत नाही" म्हणालं. पूर्वीची मी खाली बसले असते. पण शुभांगी इथे नसूनही सगळ्यांना ऐकू येतेय आणि मी असून येत नाही, याचा त्या क्षणी मला असा काही हेवा वाटला, की त्या हेव्यानेच मला सरळ भिंतीजवळ नेलं. ओरडता येत नव्हतं, म्हणून मी नकाशावर बोट ठेवलं. लोकांना उठून जवळ यावं लागलं. आले.

"हे शाळेचं फाटक," मी म्हणाले. "हा नाका. इथून मुलगी निघाली. ही उभी गाडी, हे तिचं दार. आता सांगा, ती कुठून जाईल?"

मी साहेबांकडे वळले.

"साहेब, तुम्ही सांगा. बोट ठेवा."

साहेबांनी बोट ठेवलं. ते पळत्या गाड्यांच्या मधोमध पडलं. त्यांनी ते उचललं, दुसरीकडे ठेवलं. तिथे पार्किंग होतं. माझ्यामागे उभ्या बायकांपैकी कुणीतरी हळूच म्हणालं, "ठेवायला जागाच नाही." वर्गात एखादा धडा सगळ्या बाकांवर एकदम पोचतो तेव्हा जी शांतता होते, ती मला ओळखता येते. तशी शांतता होती.

मग मी गाड्या लावायला नाल्याजवळची रिकामी जागा दाखवली, वळणावर पट्टा किती आत घ्यावा लागेल ते दाखवलं. वेळ लागला. मागच्या रांगेतल्या एका दुकानदाराने पुष्कळ विरोध केला, त्याची गिऱ्हाइकं जातील म्हणून, आणि तो काही माझ्यामुळे पटून घरी गेला नाही. पण साहेबांनी पेन्सिल मागवली आणि आराखड्याच्या एका कडेने, फाटकापासून नाक्यापर्यंत, रेघ ओढली. सही अजून व्हायची आहे. तोवर रोज सकाळी आम्ही काहीजणी खडीच्या कडेला पुन्हा सायकली घेऊन उभ्या राहतो. मुली आमच्या बाजूने जातात.

त्या दिवशी बाहेर पडताना जिन्यात एका बाईने मला गाठलं. कडेवर लेकरू, दुसरी मुलगी बोट धरून. माझ्या शाळेत यंदाच घातलेली.

"मॅडम, फार बरं झालं," ती म्हणाली. "सायकल घ्यायची म्हणून हिने जीव खाल्ला होता, मी नाही म्हणत होते. आता घेते." आणि मग, डोळ्यांत पाणी आणून, माझा हात हातात घेऊन, "त्या शुभांगी मॅडमना आमचे आभार सांगाल ना? त्यांच्यामुळे झालं सगळं."

"सांगते," मी म्हणाले.

शुभांगीचा फोन दर रविवारी येतो. दोन रविवार झाले. कोल्हापुरातल्या रस्त्यांबद्दल ती तासभर बोलली, पेन्सिलीच्या रेघेबद्दल ऐकून एवढ्याने ओरडली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. निरोप मी अजून दिलेला नाही.